पांथस्थाला जेवण, मोटारीला वीज

दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसावर गावकरी काही ना काही काम सोपवतातच. कुणाचा निरोप पोचवायचा असतो, कुणाची पापडाची पिशवी न्यायची असते. गेल्या जानेवारीत मी भोपाळला जाणार ही वार्ता गावात पसरली, तेव्हा अर्नाळ्याच्या किनाऱ्याजवळ पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि एक खाणावळ चालवणारे गृहस्थ सायंकाळी सपत्नीक माझ्याकडे आले आणि त्यांनी एक आगळेच काम माझ्या गळ्यात घातले.

"फादर," ते म्हणाले, "हल्ली मुंबईचे पाहुणे खोली पाहण्याआधी मोटार चार्ज करायची सोय आहे का, असे विचारतात. नाही म्हटले की काही जण तसेच पुढे निघून जातात. परवा एक माणूस येऊन गेला. तो म्हणतो, मोठे यंत्र बसवा, बाकीचे आपोआप होईल. यंत्राला कर्ज लागेल आणि कर्जाला वाडी तारण ठेवावी लागेल. तुम्ही एवढ्या लांब जाताच आहात, तर तिकडच्या हॉटेलांत आणि ढाब्यांवर काय चालले आहे ते जरा पाहून या."

त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "वाडी सासऱ्यांनी राखलेली आहे."

वास्तविक मोटारीच्या यंत्रातले मला काही कळत नाही. मोटारीची बॅटरी उतरली तर ती ढकलावी, इतकेच ज्ञान मला सेमिनरीच्या दिवसांपासून आहे, आणि विजेच्या मोटारीपुढे तेही कुचकामी ठरते. तथापि वाडीचा प्रश्न आला म्हणजे वसईच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मी होकार दिला.

भोपाळला आमच्याच धर्मग्रामातून पन्नास वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेले एक वृद्ध दांपत्य राहते. त्यांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाचे मला निमंत्रण होते. कल्याणहून पंजाब मेल पकडली. ही गाडी १९१२ सालापासून धावते आहे. पूर्वी वाफेचे इंजिन ठराविक स्थानकांवर पाणी भरून घ्यायला थांबे, आणि तेवढ्या अवधीत प्रवासी फलाटावर उतरून चहा-फराळ उरकीत. आमच्या आजोबांच्या तोंडी अशा गाड्यांच्या गोष्टी असत. यंत्राची तहान आणि माणसाची भूक एकाच थांब्यावर भागत असे, हा विचार तेव्हा सहज मनात येऊन गेला. पुढच्या चार दिवसांत तो पुन्हा पुन्हा येणार होता.

भोपाळ हे तलावांचे नगर. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव गावाच्या पश्चिमेला समुद्रासारखा पसरला आहे; किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाही तो पाहून क्षणभर थांबावेसे वाटते. त्याच्या पाण्यावर पूर्वी डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी बोटी फिरत. २०२३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या बंद करण्याचा आदेश दिला, कारण हेच पाणी गाव पिते. सकाळी पोहे आणि जिलेबी एका थाळीत खाणारे लोक मी प्रथम येथे पाहिले. जुन्या भागात मीठ घातलेला चहा मिळतो. आतिथ्यधर्म म्हणून मी तो एक पेला प्यालो. दुसरा मागितला नाही.

आमचे यजमान काका 'भेल'मध्ये होते. भोपाळचा हा विजेच्या अवजड यंत्रांचा कारखाना १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या नावाने ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाला. आगगाडीच्या विजेच्या इंजिनांना लागणाऱ्या मोटारी येथे बनतात. पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या त्याच्या वसाहतींत देशाच्या सर्व प्रांतांतली कुटुंबे शेजारी शेजारी नांदली. अर्नाळ्याचा प्रश्न मी काकांपुढे मांडला, तेव्हा त्यांना जणू परत कामावर बोलावल्याचा आनंद झाला. त्यांनी सांगितले की खाणावळ आणि चार्जिंग यांची सांगड घालण्याचा एक नामांकित प्रयोग त्यांच्याच कंपनीने केला आहे. दिल्ली-चंदीगड महामार्गावर कर्नाल येथे हरियाणा सरकारचे कर्ण लेक रिसॉर्ट आहे. दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध. तेथे सूर्यशक्तीवर चालणारे चार्जिंग केंद्र भेलने उभारले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झाले. जागा निवडताना रस्त्याचा मध्य पाहिला होता, तशीच माणसाची भूकही पाहिली होती.

"फादर, हे काम सरकारनेच करावे असे नाही," काका म्हणाले. "२०१८ पासून कायद्याने मोकळीक आहे. वीज विकायला परवाना लागतो, पण मोटार चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा दिल्लीच्या ऊर्जा मंत्रालयाने त्या वर्षी केला. चहाची टपरीवालासुद्धा हे करू शकतो." त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक, आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे म्हटले होते. 'असावे' आणि 'आहे' यांत किती अंतर पडते ते मला लवकरच दिसणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांबरोबर शहरात फेरफटका मारला. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात मोटारींसाठी यंत्र होते, स्वच्छ, झगझगीत, आणि 'केवळ पाहुण्यांसाठी' अशी पाटी लावलेले. दारात मात्र जेवणाचे डबे पोचवणारी पाच-सहा मुले विजेच्या स्कूटरींवर वाट पाहत बसली होती. त्यांच्यातल्या एकाला मी विचारले, की तू गाडी कोठे चार्ज करतोस? तो म्हणाला, रात्री खोलीवर, मालक महिन्याचे वेगळे पैसे घेतो. पलीकडे ई-रिक्षांची रांग होती. त्यांचीही तीच कथा. हॉटेलचा स्वयंपाक ज्यांच्या गाड्यांवरून घरोघरी जातो, त्यांच्या गाड्यांना त्या भिंतीतली वीज नाही. जुन्या सरायांत असे नव्हते. शेरशहा सूराने सोळाव्या शतकात रस्त्यांवर बांधलेल्या सरायांत वाटसरूला अन्न आणि त्याच्या घोड्याला दाणा मिळे, असे इतिहास सांगतो. इंग्लंडात ज्यांना पब म्हणतात, त्या जुन्या मद्यगृहांपैकी कितीएक मुळात टपालगाड्यांचे घोडे बदलण्याचे थांबे होते. आज त्यांच्याच आवारात विजेच्या मोटारींची यंत्रे उभी राहत आहेत, हे म्हणूनच मला नवल वाटत नाही. यजमान जनावराला पाहतो, मग गाडीवानाला पाहतो, मग धन्याला पाहतो, असा आपल्याकडेही शिरस्ता होता. भोपाळच्या त्या हॉटेलात क्रम उलटा झाला होता आणि शेवटचे दोघे बाहेरच राहिले होते.

तिसऱ्या दिवशी काकांच्या चिरंजीवांनी आम्हांस त्यांच्या विजेच्या मोटारीतून इंदूरला नेले. तेथे काकांची कन्या परिचारिका आहे. अंतर सुमारे १९० किलोमीटर. मोटारीची बॅटरी तीस युनिटांची. एका युनिटावर ती साधारण साडेसहा किलोमीटर धावते, म्हणजे पूर्ण भरली असता जेमतेम २०० किलोमीटर. हिशोब कागदावर जमत होता. पण एवढ्या तोट्यावर कोणी निघत नाही. तेव्हा आष्ट्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवायचे, तेथे जलद यंत्र आहे, अर्ध्या तासात बारा-पंधरा युनिटे मिळतील, असे चिरंजीवांनी मोबाईलवर पाहून ठरवले होते.

रस्ता उत्तम आहे. सीहोरच्या आसपास दोन्ही बाजूंना गव्हाची शेते डोलत होती. हाच तो नावाजलेला शरबती गहू. मोटारीचा आवाज नाही, धूर नाही. काकू मागच्या आसनावर जपमाळ हातात घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक मणी मला ऐकू येत होता. मी त्या शांततेचे कौतुक केले, तसे काका म्हणाले, "धूर इथे नाही, पण सारणीला आहे." त्यांचे म्हणणे खरे होते. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला कोळशावरचे मोठे वीजकेंद्र आहे आणि मध्य प्रदेशाची बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते. रीवा येथे ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्राला अर्पण झाला, तसे आणखीही होत आहेत. तरी मोटार विजेची झाली म्हणजे पाप धुतले गेले असे कुणी समजू नये. एवढे मात्र खरे, की गल्लीत खेळणाऱ्या मुलाच्या नाकाशी धूर येत नाही.

आष्टा गेले. ठरलेला ढाबा आला. यंत्र होते; कपाटाएवढे, हिरव्या रंगाचे, वर छप्पर, शेजारी फलक. त्याचा पडदा काळा होता. चिरंजीवांनी कळा दाबल्या, मोबाईल समोर धरला, काही झाले नाही. गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करता सांगितले, की दोन महिने झाले, बंद आहे, कंपनीला कळवले आहे; तुम्ही जेवायला बसा. आम्ही बसलो नाही. तो उद्धट नव्हता. यंत्र त्याचे नव्हते, जागा त्याची होती. भाडे मिळत होते तोवर काळजी दुसऱ्याची होती, इतकेच.

तेव्हा काका जे बोलले ते मला विसरता येत नाही. "फादर, हे भोपाळ आहे. आम्हांला बंद यंत्राची भीती वाटते." मग थोडे थांबून त्यांनी सांगितले. १९८४ सालच्या डिसेंबरातल्या २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री ते पिपलानीला घरी होते. वायू जुन्या शहराकडे आणि रेल्वे स्थानकाकडे गेला, म्हणून ते वाचले. त्या कीटकनाशकांच्या कारखान्यात वायू थंड ठेवण्याची यंत्रणा होती, ती बंद ठेवलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकण्याचा मनोरा होता, तो दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. वायू धुऊन काढणारे यंत्र होते, तेही त्या घटकेला चालू स्थितीत नव्हते. सर्व काही होते. "पाहायला आलेल्या माणसाला सगळे उभे दिसले असते," काका म्हणाले. त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा मोटारगाड्यांत भरून २०२५ सालच्या पहिल्याच दोन दिवसांत, म्हणजे चाळीस वर्षांनंतर, याच इंदूरच्या दिशेने पीथमपूरला नेण्यात आला. एका ढाब्यावरचे बिघडलेले यंत्र आणि ती रात्र यांची तुलना मी करणार नाही. काकांनीही केली नाही. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढच्या ढाब्यावर मोठे यंत्र नव्हते, पण मालकाने हसतमुखाने पंधरा अँपिअरचा प्लग दाखवला. चिरंजीवांनी आपली तार काढून जोडली. मोटारीने लाल दिवा दाखवला आणि वीज घेण्याचे साफ नाकारले. कारण असे, की त्या प्लगाला अर्थिंग नव्हते. दिवा, पंखा, शीतकपाट ही बिचारी अर्थिंगवाचूनही मुकाट चालतात आणि मग एखाद्या दिवशी धक्का देतात. विजेची मोटार त्या बाबतीत कडक शिस्तीची आहे. जमिनीशी नीट जोडलेली तार नसेल तर ती उपाशी राहील, पण अन्न घेणार नाही. मालकाला हे पटेना. त्याला वाटले, आम्हीच त्याच्या विजेला नावे ठेवतो आहोत.

आता मोटारीत सुमारे ८५ किलोमीटरांची वीज उरली होती आणि इंदूर ८० किलोमीटर. काकूंनी पुन्हा माळ हातात घेतली. चिरंजीवांनी उष्ण हवा बंद केली आणि वेग कमी केला. खेड्यातून चालत आलेल्या माणसाला आपल्या पायांचा भरवसा असतो. असा भरवसा गमावून बसलेल्या माणसाची मनःस्थिती मला त्या अर्ध्या तासात कळली.

सोनकच्छ जवळ आले, तेव्हा निंबाच्या झाडाखाली एक लहानसा ढाबा दिसला. म्हातारा-म्हातारी दोघेच. भिंतीवर खडूने लिहिले होते: 'गाडी चार्ज होगी'. झाडाजवळ सिमेंटचा एक जुना हौद होता. पूर्वी मंडीला जाणाऱ्या बैलगाड्या येथे थांबत, तेव्हा बैलांसाठी तो बांधलेला. म्हाताऱ्याने स्वतः तसे सांगितले. हौदाच्या वरच्या भिंतीत एक प्लग, त्यावर पत्र्याची झडप, शेजारी लहानसा मीटर. म्हाताऱ्याचा मुलगा देवासला वायरमन आहे. त्याने जमिनीत खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली आहे, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतायला आईला सांगून ठेवले आहे. चिरंजीवांनी तार जोडली. हिरवा दिवा लागला.

आम्ही दोन तास थांबलो. साध्या प्लगातून तासाला तीनाहून थोडी कमीच युनिटे मिळतात; आम्हांला साडेपाच मिळाली, म्हणजे पस्तीस किलोमीटरांची शिदोरी. म्हातारीने दाल-बाफले वाढले. चुलीवर भाजलेला आणि तुपात बुडवलेला तो बाफला खाल्ल्यावर दोन तास थांबणे ही शिक्षा वाटत नाही. किंबहुना उठणेच जड जाते. निघताना म्हाताऱ्याने मीटर वाचला, वहीत लिहिला, जेवणाचे आणि विजेचे पैसे वेगळे सांगितले. मी वही पाहायला मागितली. महिन्याला सात-आठ गाड्यांच्या नोंदी होत्या. त्यांत ई-रिक्षाही होत्या. "श्रीमंत होण्यासारखे काही नाही," तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "पण जो थांबतो तो जेवतो."

इंदूरला पोचलो तेव्हा चाळीस किलोमीटरांची वीज शिल्लक होती. परतताना देवासजवळच्या एका हॉटेलात जलद यंत्र चालू स्थितीत मिळाले. आमच्या पुढे एक गाडी होती, म्हणून वीस मिनिटे थांबलो, आणि चार्जिंगला पाऊण तास लागला. तेवढ्यात जेवण झाले. बॅटरी ऐंशी टक्के भरली की वीज आत जाण्याचा वेग मंदावतो. भरत आलेला हंडा आपण धार बारीक करून भरतो तसा. म्हणून शहाणा मोटारवाला शेवटच्या वीस टक्क्यांसाठी खोळंबून राहत नाही आणि दुसऱ्याला जागा करून देतो. तेथे एक गृहस्थ शंभराचा आकडा दिसेपर्यंत आपल्या मोटारीत झोपले होते. त्यांच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

घरी परतल्यावर अर्नाळ्याच्या दांपत्याला मी बोलावले आणि काकांच्या मदतीने जो हिशोब मनाशी मांडला होता तो त्यांच्यापुढे ठेवला. चहापुरता थांबणाऱ्या पाहुण्याला कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही, कारण दहा मिनिटांत काही भरत नाही. जेवणापुरता थांबणाऱ्याला जलद यंत्र हवे. त्याला तीसेक किलोवॉटचा भार, थ्री-फेज जोडणी, प्रसंगी स्वतंत्र डीपी, आणि गाडी येवो न येवो दर महिन्याचा स्थिर आकार भरावा लागतो. शिवाय ते बिघडले तर दुरुस्तीला येणारा माणूस. महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलला ते शोभते. पण अर्नाळ्याला कोण येतो? मुंबईहून साठ-सत्तर किलोमीटरांवरून येतो, सायंकाळी जेवतो, रात्री झोपतो, सकाळी समुद्रावर जातो. त्याची मोटार बारा तास नारळाखाली उभी असते. बारा तासांत साधा प्लग तीस युनिटे देतो. ज्याचा मुक्काम आहे, त्याला घाई नाही.

"म्हणजे मोठे यंत्र नको?" गृहस्थांनी विचारले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, हे मला मान्य केले पाहिजे. झगझगीत हिरव्या यंत्राचे चित्र त्यांनी मनात रंगवून ठेवले होते.

मी म्हटले, "आज नको. उद्या रस्ता बदलला, गाड्या वाढल्या, तर पाहू." नॉर्वेसारख्या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांत जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आपल्याकडे ते दिवस केव्हा येतील हे सांगणारा मी कोण? पण त्या दिवसांची वाट पाहण्यासाठी वाडी तारण ठेवण्याचे कारण मला दिसले नाही.

त्यांच्या पत्नींनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी रोज घालायचे का?"

"उन्हाळ्यात," मी म्हणालो. "आणि आपली जमीन खारट, पट्टी गंजते म्हणतात. वायरमनला दर वर्षी दाखवायची."

ईस्टरच्या आधी त्यांनी दोन प्लग बसवून घेतले, वीज मंडळाकडून भार वाढवून घेतला आणि स्वतंत्र मीटर लावला. दुसरा प्लग फाटकाच्या आतल्या बाजूला, रस्त्याजवळ आहे. तो कशासाठी, असे मी विचारले. स्टेशनावरून पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्यांपैकी दोघांच्या गाड्या आता विजेच्या आहेत, त्यांच्यासाठी, असे त्या म्हणाल्या. वही त्यांनी स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आहे.